सहीच्या आधीचा वकील

किन्हीराजा हे वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातलं, सोयाबीनच्या पट्ट्यातलं गाव. इथे बसून कंपनीच्या पगारी वकिलाबद्दल लिहायचं म्हटलं तर कोणी विचारेल, हा मुंबईतल्या मोठ्या कचेऱ्यांचा विषय इकडे कशाला? उत्तर कंपनी कायद्यातच आहे. २००२च्या दुरुस्तीने या कायद्यात उत्पादक कंपनी आली आणि दहा शेतकऱ्यांना मिळून कंपनी काढता येऊ लागली. २०२०मध्ये केंद्राने दहा हजार शेतकरी उत्पादक संस्था उभारण्याची योजना आणली. कंपनी गावात आली, तिच्याबरोबर संचालक मंडळ आलं, सीईओ आला, ऑडिटही आलं. वकील मात्र बहुतेकांना चेक परत आल्यावरच आठवतो.

खरं काम त्याच्या कितीतरी आधी असतं. सोयाबीनचा सौदा घ्या. सरकारी खरेदीत ओलावा १२ टक्क्यांपर्यंत चालतो. नोव्हेंबर २०२४मध्ये ही मर्यादा १५ टक्क्यांपर्यंत शिथिल करावी लागली. खासगी कारखान्याशी करार करताना अशी सूट कोणी जाहीर करत नाही, सगळं कागदावरच ठरतं. नमुना गाडी भरताना घ्यायचा की कारखान्याच्या फाटकावर? वजन कोणाच्या काट्याचं धरायचं? ओलावा एक टक्का जास्त निघाला तर कटती किती? माल नाकारला तर परतीचं भाडं कोणाच्या माथी? आणि शेवटच्या पानावर बारीक अक्षरात ‘सर्व वाद मुंबईच्या न्यायालयात’ असं छापलेलं असेल, तर मालेगाव तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी दोन-तीन लाखांसाठी मुंबईच्या तारखा कशा करायच्या? हे प्रश्न सुचण्यासाठी वकिलाने काट्यावर उभं राहून माल कसा उतरतो ते पाहिलेलं असावं लागतं. कलमं पाठ असणारे पुष्कळ भेटतात, धंदा समजून घेणारे कमी. ‘हे कायद्यात बसत नाही’ एवढं सांगून थांबणाऱ्या वकिलाकडे मॅनेजर दुसऱ्यांदा जात नाही. ‘असं केलं तर बसेल’ हे सांगणाऱ्याला सौद्याच्या पहिल्याच बैठकीला बोलावलं जातं.

चेकचंही तेच. चेक परत आल्याचा बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यावर समोरच्याला १५ दिवस, त्यानंतर महिन्याभरात तक्रार. मेमो हिशेबनिसाच्या टेबलात पडून राहिला तर उत्तम वकीलही अडचणीत येतो. म्हणून आतल्या वकिलाची अर्धी मेहनत, कोणता कागद कोणाकडे त्याच दिवशी पोचला पाहिजे, याची सवय लावण्यात जाते.

आता त्याच्या स्वतःच्या स्थानाबद्दल. बार कौन्सिलच्या ४९व्या नियमानुसार पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की वकिली थांबवावी लागते. हिमाचलच्या वीज मंडळातल्या विधी अधिकाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००१मध्ये हेच उचलून धरलं. ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी, तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने पुढचा मुद्दा स्पष्ट केला. वकील आणि अशील यांच्यातल्या गुप्ततेला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२चं जे संरक्षण आहे, ते कंपनीच्या पगारी वकिलाला मिळणार नाही. कंपनीने बाहेरच्या वकिलाशी केलेल्या गोपनीय संवादाला कलम १३४चा आधार आहे, पण मालक आणि त्याचा पगारी वकील यांच्यातल्या बोलण्याला नाही. मला हा निर्णय कठोर वाटतो, कारण सर्वांत स्पष्ट सल्ला आतूनच लवकर मिळतो. पण पगार देणाऱ्याला नकार देणं अवघड असतं, ही त्यामागची काळजी खोटी नाही.

गावच्या कंपनीत ही काळजी जास्तच खरी आहे. अध्यक्ष भाऊबंदांपैकी, सीईओ ओळखीतला. सभेचं इतिवृत्त मागच्या तारखेने लिहून द्या म्हटलं की नाही म्हणणं जड जातं. पण वकील कंपनीचा असतो, म्हणजे सगळ्या भागधारक शेतकऱ्यांच्या सामायिक हिताचा. अध्यक्षाचा खासगी वकील तो नव्हे. त्याला संचालक मंडळापुढे थेट बोलायची मुभा नेमणुकीच्या पत्रातच लिहून द्यावी.

पूर्णवेळ वकील परवडेल अशा कंपन्या वऱ्हाडात थोड्याच असतील. चार-पाच कंपन्यांनी मिळून मालेगाव किंवा वाशीमच्या कोर्टात वकिली करणाऱ्या एखाद्याला दरमहा ठरावीक फीवर बांधून घ्यावं. त्याची सनद चालू राहते, तो कोर्टात उभा राहू शकतो आणि कलम १३२चं संरक्षणही टिकतं. या कंपन्यांचा आपसात वाद झाला तर त्याने बाजूला व्हायचं, एवढं आधीच लिहून ठेवावं. आणि संचालकांना माझी विनंती आहे: येत्या हंगामातला खरेदीदाराचा करार सही करण्याच्या आठ दिवस आधी वकिलाच्या हातात द्या.