तुम्ही कुठले?

नाशिकच्या सिडकोतल्या एखाद्या शाळेत मुलांना "तुम्ही कुठले?" असे विचारून पाहा. जन्म नाशिकचा, शाळा नाशिकची, अशी मुलगीही पुष्कळदा "आमचं गाव चोपडा" किंवा "आम्ही शिरपूरकडचे" असे सांगेल. त्या गावी ती उन्हाळ्याच्या सुटीत आठ-दहा दिवस राहिलेली असते, एवढेच. मराठीत 'राहणे' एकीकडे आणि 'गाव' दुसरीकडे असू शकते. भाषेने केलेला हा भेद आपल्या विषयाला फार उपयोगी आहे.

माणसाला राहत्या जागेचा लळा लागतो, तो कसा? जुन्या नाशकात उत्तर सोपे वाटते. तिवंधा चौक, दिल्ली दरवाजा, पंचवटीतला शनी चौक अशा ठिकाणी रस्त्याखाली पेशवेकाळापासूनच्या रहाडी आहेत. रहाड म्हणजे दगडी बांधणीचा मोठा हौद. वर्षभर तो फळ्या आणि माती टाकून बुजवलेला असतो, वरून गाड्या जात असतात. रंगपंचमीला तो उकरून रंगीत पाण्याने भरतात आणि माणसे त्यात उड्या मारतात. बाहेरच्याला तिथे नुसता चौक दिसतो, तिथे वाढलेल्याला मात्र रस्त्याखालची रहाडही ठाऊक असते. हा लळा वारशाने येतो, आणि वारशाने आलेल्या गोष्टीकडे आपले सहसा लक्षही नसते.

सिडकोची गोष्ट वेगळी. १९६०च्या दशकात सातपूरला आणि नंतर अंबडला औद्योगिक वसाहत उभी राहिली. कामासाठी खानदेशातून, मराठवाड्यातून, उत्तर प्रदेश-बिहारमधून माणसे आली. २००१ ते २०११ या दहा वर्षांत शहराची लोकसंख्या सुमारे १० लाख ७७ हजारांवरून १४ लाख ८६ हजारांवर गेली. सिडकोने बांधलेली घरे लहान आणि बरीचशी एकसारखी होती. पण माणसे एकसारख्या घरात फार दिवस राहत नाहीत! कोणी पुढे ओटा घातला, कोणी मागे खोली वाढवली. (ती नियमात बसते की नाही, हा वाद निराळा.) श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशी घरांतून कानबाई बसू लागली, रोटांसाठी भाऊबंद इथेच जमू लागले. हा लळा आयता मिळालेला नाही. तो हाताने, पैशाने आणि वेळ खर्चून तयार केलेला आहे. मारिया लेवित्स्का या पोलिश मानसशास्त्रज्ञ बाईंनीही असाच फरक केला आहे: नकळत रुजलेली ओढ आणि जाणीवपूर्वक जोडलेली ओढ. दुसरी पहिलीपेक्षा कमी प्रतीची समजण्याचे कारण नाही.

आमच्यासारख्या मोजमापाची सवय असलेल्यांना 'लळा' हा शब्द जरा अडचणीचा वाटतो. पण तो तुटला की त्याचे परिणाम स्पष्ट दिसतात. अमेरिकेतल्या बोस्टन शहरातली वेस्ट एंड ही वस्ती १९५८च्या सुमारास 'गलिच्छ' ठरवून पाडण्यात आली. तिथे इटलीतून आलेली कुटुंबे पुष्कळ होती. उठवलेल्या रहिवाशांविषयी मार्क फ्रीड यांनी १९६३ साली जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात अनेकांची अवस्था घरातले माणूस गेल्यासारखी झालेली आढळली. म्हणजे परक्या देशातून आलेल्यांनाही त्या 'गलिच्छ' गल्ल्यांचा एवढा लळा लागला होता.

तो वाढतो कशाने? कसार्डा आणि जॅनोविट्झ यांनी १९७४ साली इंग्लंडमधल्या एका पाहणीवरून दाखवले, की वस्ती किती मोठी किंवा दाट आहे यापेक्षा माणूस तिथे किती वर्षे राहिला हे महत्त्वाचे. वर्षे जातात तसे शेजारी ओळखीचे होतात, किराणावाला उधारी देऊ लागतो.

मात्र नुसती वर्षे पुरत नाहीत, असे आमचे मत आहे. अंबडमध्ये दहा वर्षे राबणारा एखादा कामगार चौघांबरोबर एका खोलीत राहतो. भाडेपावती त्याच्या नावावर नाही, कुटुंब गावी. फेब्रुवारी २००८मध्ये परप्रांतीयांविरुद्ध हिंसाचार झाला, तेव्हा असे कितीतरी कामगार नाशिक सोडून गेले. टाळेबंदीत १ मे २०२० रोजी नाशिकरोडहून भोपाळसाठी श्रमिकांची खास गाडी सुटली, पाठोपाठ लखनौची. अशा वेळी 'यांना शहराविषयी काही वाटतच नाही' असे म्हटले जाते. पण ज्याला उद्या खोली रिकामी करायला सांगितले जाऊ शकते, त्याने ओटा घालायचा कुठे?

वर्गात एक प्रयोग करता येईल. मुलांना घर ते शाळा हा नकाशा आठवणीने काढायला सांगा. हटकल्याशिवाय कुठे बसता येते, तहान लागली तर कोणाच्या दारात पाणी मागता येते, या जागांवर खूण करू द्या. कोणी कुठून आले, हे नकाशावर लिहायला लावू नका. नव्याने दाखल झालेल्या मुलाच्या नकाशात बहुधा एकच रस्ता असेल, आजूबाजूला कोरा कागद. कागदावर तारीख घालून ठेवा, आणि दिवाळीच्या सुटीनंतर सगळ्यांकडून नकाशा पुन्हा काढून घ्या.