गाडी सगळ्यांची सारखीच!

मुलांनो, क्रीडादिनाला आमच्या चौथीच्या वर्गात मोठं भांडण झालं. धावण्याच्या शर्यतीत पहिला आलेल्याच्या पायांत नवे स्पोर्ट्‌स शूज, दुसरा अनवाणी. "सर, तो नाही, त्याचे बूट जिंकले!" हरलेला हटूनच बसला. मला काही उत्तर सुचेना.

मोटारींच्या शर्यतीत हा वाद नेहमीचाच. जिंकलं कोण, चालवणारा की इंजिन? त्यावर एक तोड निघाली. सगळ्यांना गाडी एकाच बनावटीची द्यायची!

नाशिकहून पुण्याला एसटीने जाताना चाकण लागतं ना, तिथल्या फोक्सवॅगनच्या कारखान्यात २०२२ पर्यंत पोलो गाडी तयार व्हायची. २०१० साली भारतात 'पोलो कप' सुरू झाला. बाहेरून गाडी रस्त्यावरच्या पोलोसारखीच, पण आत मागची सीटच नाही! तिथे पोलादी नळ्यांचा पिंजरा. गाडी उलटली तरी छत चेपू नये म्हणून. इंजिन चक्क डिझेलचं, १३० अश्वशक्तीचं. २०१२ मध्ये १८० अश्वशक्तीचं पेट्रोल इंजिन आलं. पुढे २०१५ला व्हेंटो आली, मग अमिओ.

गाड्या कंपनीच तयार करी, सांभाळीही तीच. म्हणजे घरी नेऊन इंजिनात करामती करायची सोय नाही. मग पुढे जायचं कसं? वळणावर! ब्रेक लवकर दाबला, तर मागचा पुढे निघून जातो. उशिरा दाबला, तर गाडी ट्रॅकबाहेर. उतारावर सायकल वळवताना धडपडलात की नाही कधी? तसंच.

(शर्यती मात्र चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरला आणि कोइमतूरला. गाडी आपली, मैदान त्यांचं!)

एक गंमत सांगतो. १२ मे १९८४. जर्मनीत नूरबुर्गरिंगच्या नव्या ट्रॅकचं उद्‌घाटन. मर्सिडीजने सगळ्यांना एकसारख्या '१९० ई' गाड्या दिल्या. निकी लाउडा, अलाँ प्रोस्त असे एकेक दिग्गज! पण जिंकला २४ वर्षांचा आयर्टन सेना. फॉर्म्युला वनमधलं त्याचं ते पहिलंच वर्ष. लाउडा दुसरा आला. हाच सेना पुढे तीनदा जगज्जेता झाला.

अर्थात गाडी सारखी असली, तरी सरावाला पैसा लागतोच. तो सगळ्यांकडे सारखा कुठे असतो?

आमच्या भांडणाचं काय झालं? पुढच्या शनिवारी दोघांनाही अनवाणी पळवलं. पुन्हा बूटवालाच जिंकला, पण जेमतेम एका पावलाने. दुसरा म्हणतो, "सर, अजून एकदा!"