नॉर्दर्न लाइट्स लांब राहिले, राधानगरी गाठा!

१० मे २०२४ च्या रात्री लडाखमधल्या हानले इथं आकाश लालसर झालं आणि तेव्हापासून सगळ्यांनाच ध्रुवीय प्रकाश बघायचाय. जरूर बघा. पण आपल्या कोल्हापूरकरांच्या हाताशी, तासा-दीड तासावर, दरवर्षी न चुकता होणारा उजेडाचा खेळ आहे: राधानगरी-दाजीपूरचे काजवे.

मेअखेर ते जूनचा पहिला आठवडा, वळीव पडून गेल्यावर जावं. एखाद्या कौलारू घरात मुक्काम धरा, चुलीवरची भाकरी, तांबडा-पांढरा हाणा आणि अंधार पडायची वाट बघा. वाट बघणं हा निम्मा आनंद आहे, माझ्या मते निम्म्याहून जास्त. पावसाळी हवा कोंदली की एकेक झाड पेटत जातं. कधीकधी अख्खं झाड एका तालात लुकलुकतं.

हा उजेड थंड असतो. ल्युसिफेरिन नावाच्या द्रव्याचा ऑक्सिजनशी संयोग होतो, ल्युसिफरेज हे विकर तो घडवून आणतं आणि उष्णता जवळपास निघतच नाही. उडत चमकणारे बहुतेक नर, मादीला साद घालणारे. त्याआधी अळी म्हणून बरेच महिने ओल्या मातीत गोगलगायी खात काढलेले असतात. प्रौढ काजव्याला मिळतात जेमतेम दोन-तीन आठवडे.

म्हणूनच कळकळीनं सांगतो, गाडीचे हेडलाइट आणि मोबाइलचा टॉर्च बंद ठेवा, त्या झगमगाटात त्यांना जोडीदार सापडत नाही. बाटलीत काजवे भरणाऱ्यांना तर तिथंच झापा. तारीख अमावास्येच्या आसपासची धरा, आणि गव्यांचं रान आहे, तेव्हा स्थानिक गाइडशिवाय रात्री फिरू नका.