दिव्यांची लुकलुक आणि शटरचा वेग

डिझाइनचे विद्यार्थी चित्रीकरण शिकताना संकलनाच्या सॉफ्टवेअरकडे आधी वळतात. खरी पायाभरणी मात्र प्रकाशाच्या आकलनात असते. भारतात विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असल्याने अनेक दिव्यांचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. डोळ्यांना ते जाणवत नाही. पण शटरचा वेग त्याच्याशी जुळला नाही, तर चित्रात काळसर पट्टे सरकताना दिसतात. संकलनात ते पुसणे अवघड असते आणि प्रकल्प सादर करण्याच्या आदल्या रात्री पुनर्चित्रीकरणास सवड नसते. म्हणून सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद ठेवावे. खिडकीचा निळसर उजेड व पिवळा बल्ब एकत्र आल्यास त्वचेचा रंग बिघडतो. त्यांपैकी एकच ठेवावा. सावलीच्या बाजूस थर्माकोलचा पांढरा तक्ता धरला, तरी चेहरा उजळतो. प्रत्यक्ष चित्रीकरणापूर्वी दहा सेकंदांची चाचणी घेऊन ती मोठ्या पडद्यावर अवश्य पाहावी.