गाडी घेताना (भाग ५) : स्टार किती आणि कशाचे?

सोलापुरात शोरूममध्ये पाय ठेवल्यावर पहिला प्रश्न ठरलेला असतो : अ‍ॅव्हरेज किती देते? दुसरा, मे महिन्यात एसी पुरतो का? अलीकडे तिसराही येऊ लागलाय : स्टार किती? सेल्समन ‘फाइव्ह स्टार’ म्हणतो, घरच्यांच्या माना डोलतात आणि गोष्ट सनरूफकडे वळते. मागच्या भागात आपण ऑन-रोड किमतीची फोड केली होती, आता या स्टारची करू.

जानेवारी २०१४ मध्ये ‘ग्लोबल एनकॅप’ या परदेशी संस्थेने भारतात धडाक्याने खपणाऱ्या पाच छोट्या गाड्या आपटून पाहिल्या. अल्टो ८००, नॅनो, आय-टेन, फिगो, पोलो. पाचही शून्यावर. डिसेंबर २०१८ मध्ये पुण्याजवळच्या रांजणगावात बनणाऱ्या नेक्सॉनने मोठ्या माणसांच्या सुरक्षेत पाच स्टार मिळवले, तोवर आपल्याकडच्या कोणत्याही गाडीला ते जमले नव्हते. त्याच चाचणीत लहान मुलांच्या सुरक्षेला तीनच स्टार होते, ते मात्र जाहिरातीत कुणी मोठ्या अक्षरात छापले नाहीत.

आपली स्वतःची ‘भारत एनकॅप’ योजना नितीन गडकरींनी २२ ऑगस्ट २०२३ रोजी सुरू केली, १ ऑक्टोबरपासून ती लागू झाली. तिचा कारभार आपल्या जवळच चालतो : पुण्याची सीआयआरटी, म्हणजे केंद्रीय रस्ते परिवहन संस्था, तो पाहते. त्या डिसेंबरात पहिले निकाल लागले ते हॅरियर आणि सफारीचे. दोन्हींना मोठ्यांसाठी ३२ पैकी ३०.०८ आणि मुलांसाठी ४९ पैकी ४४.५४ गुण.

हे गुण येतात कुठून? गाडीत माणसाच्या मापाचे, अंगभर सेन्सर लावलेले डमी बसवतात, मागे दीड आणि तीन वर्षांच्या मुलांच्या मापाचे. मग गाडी ताशी ६४ किलोमीटरने एका अडथळ्यावर आदळवतात. संपूर्ण तोंड नाही, रुंदीचा फक्त ४० टक्के भाग, कारण समोरासमोरची धडक बहुधा अशीच, एका बाजूने होते. दुसऱ्या चाचणीत ५० च्या वेगाने येणारी ट्रॉली कुशीत घुसते. तिसरीत गाडी आडवी सरकवून २९ च्या वेगाने खांबावर नेतात. डोके, मान, छाती, मांडी यांना किती मार बसला त्यावरून गुण पडतात. पाच स्टारला मोठ्यांचे किमान २७ आणि मुलांचे ४१ हवेत. शिवाय तीन किंवा त्याहून जास्त स्टार हवे असतील तर डोक्याच्या बाजूच्या पडदा-एअरबॅग आणि गाडी घसरू न देणारी ईएससी लागतेच.

या योजनेतली मला खटकणारी गोष्ट एकच : ती ऐच्छिक आहे. कंपनीने गाडी पुढे केली तरच परीक्षा. त्यामुळे स्टार नसलेली गाडी वाईटच असे म्हणता येत नाही. ५६ च्या वेगाची समोरची धडक तिनेही कायद्याने पास केलेली असते. पण तिथे नुसते पास की नापास, गुण नाहीत. लाखो गाड्या विकणारी कंपनी एखादे मॉडेल वर्षानुवर्षे परीक्षेला बसवत नसेल, तर गिऱ्हाइकाने कारण विचारलेच पाहिजे.

आता आपल्या रस्त्यावर या. पुणे-हैदराबाद महामार्गावर काटा सहज १०० ला टेकतो. धडकेची ताकद वेगाच्या वर्गाने वाढते. ६४ च्या तुलनेत १०० ला ती जवळजवळ अडीचपट होते. दुसरे म्हणजे गळीत हंगामातली उसाची ट्रॉली. रात्री रस्त्याच्या कडेला, मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. तिच्यावर मागून गाडी गेली तर बॉनेट खाली शिरते आणि ट्रॉलीची कड थेट काचेवर येते. धडक पचवायला केलेली पुढची चौकट तिथे कामालाच येत नाही. प्रयोगशाळेतल्या अडथळ्यात ही ट्रॉली नसते.

आणि डमी बेल्ट लावून बसलेले असतात, मुले चाइल्ड सीटमध्ये. पुढच्या सीटवर मांडीवर नातवंड घेऊन तुळजापूरला जाणाऱ्या आजोबांना ते पाच स्टार लागू होत नाहीत. बेल्टचा ‘टिंग टिंग’ बंद करायच्या क्लिपा विकणाऱ्या ऑनलाइन कंपन्यांना २०२३ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने त्या काढायला लावल्या. नवी गाडी घरी आली की जाड सीट कव्हर, पुढे लोखंडी गार्ड ही हौसही असतेच. सीटच्या कुशीतली एअरबॅग कव्हरखाली अडकते. गार्डमुळे धडक भलत्याच जागी झेलली जाते आणि एअरबॅगचे गणित बिघडते. त्या गार्डवर २०१७ पासून बंदी आहे, तरी बाजारात ते राजरोस बसवून मिळते.

अ‍ॅव्हरेजचे थोडक्यात. जाहिरातीतला आकडा रोलरवर चाके फिरवून, ठरलेल्या वीसेक मिनिटांच्या चक्रात काढलेला असतो. वेग ९० च्या पुढे जात नाही, एसी बंद. दोन गाड्यांची तुलना करायला तो ठीक, महिन्याच्या पेट्रोलचा हिशेब मात्र त्यावर मांडू नका.

बुकिंगआधी भारत एनकॅपचे क्यूआर स्टिकर स्कॅन करून मोठ्यांचे आणि मुलांचे स्टार वेगवेगळे पाहा, चाचणीची तारीख पाहा. ग्लोबल एनकॅपने जुलै २०२२ मध्ये आपले नियम कडक केले, तेव्हा त्याआधीचे स्टार आजच्या स्टारशी ताडू नका. टेस्ट ड्राइव्हला आईवडिलांना मागे बसवा आणि तिघांचे बेल्ट खरोखर लागतात का, तेही तिथेच बघून घ्या.

पुढच्या भागात : विम्याचे ‘झिरो डेप’ कुणी घ्यावे?