विमानाचा पंखा लावलेली रेल्वे: ताशी २३० किमी धावूनही ती मोडीत का निघाली?

मागे विमानाचा लाकडी पंखा, पोटात बीएमडब्ल्यूचे १२ सिलिंडरचे विमान इंजिन आणि खाली रेल्वेचे नेहमीचे रूळ. २१ जून १९३१ रोजी जर्मनीत 'शीनेनझेपेलिन' ही गाडी हॅम्बुर्गहून बर्लिनला निघाली आणि वाटेत तिने ताशी २३० किमीचा वेग गाठला. रेल्वेचा हा विक्रम १९५४ पर्यंत टिकला. मग अशा गाड्या पुढे आल्या का नाहीत?

आधी ती पळायची कशी, ते पाहू. इंजिनिअर फ्रान्झ क्रुकेनबर्ग यांनी वजन कमी ठेवण्यावर भर दिला. सुमारे २६ मीटर लांबीची गाडी जेमतेम २० टनांची. पंखा हवा मागे ढकलतो, गाडी पुढे जाते. चाके नुसती गडगडतात. त्यामुळे वेग घेताना चाक-रुळाच्या पकडीवर काही अवलंबून नसते. ब्रेक लावताना मात्र पकड लागतेच!

घोळ पंख्यातच होता. गर्दीच्या फलाटाशेजारी उघडा पंखा गरगरणार, हा धोका कोण पत्करणार? त्याहून मोठी अडचण म्हणजे मागे पंखा असल्याने डबे जोडता येत नव्हते. प्रवासी वाढले तर करायचे काय?

रशियात तर १९२१ मध्येच अशी 'एरोवॅगन' तुलाहून मॉस्कोला परतताना रुळांवरून घसरली. ती तयार करणारे व्हॅलेरियन अबाकोव्स्की त्याच अपघातात मृत्युमुखी पडले.

हॅम्बुर्ग-बर्लिन मार्गावर १९३३ पासून प्रवाशांना मिळाली ती दोन डब्यांची डिझेल गाडी 'फ्लिगेंडर हॅम्बुर्गर'. वेग ताशी १६० किमी, पण रोजच्या वेळापत्रकात बसणारा. शीनेनझेपेलिन १९३९ मध्ये तोडण्यात आली.