अनुदान नेमके कुठे असते?

समजा, जुळे सोलापुरातल्या एका महिलेला गणवेश शिवण्याचा 10 लाखांचा कारखाना काढायचा आहे. 2008 साली सुरू झालेल्या पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाच्या नियमांनुसार तिने 50 हजार घालायचे. उरलेले साडेनऊ लाख बँकेचे कर्ज. शहरी भागातल्या महिलेला अनुदान 25 टक्के, म्हणजे अडीच लाख.

हे पैसे हातात पडत नाहीत. तीन वर्षे ते बँकेत मुदत ठेवीत राहतात. तेवढ्या कर्जावर व्याज लागत नाही. नंतर तपासणीत कारखाना चालू आढळला, तरच ते कर्जात वळते होतात. ही अट मोलाची आहे: सरकारी पैसा चालत्या यंत्रांपर्यंतच पोचतो. कर्ज फेडून नफ्यात आलेल्या कारखान्याला वाढीसाठी अनुदानासह दुसरे कर्जही मिळू शकते. चौकशीसाठी जिल्हा उद्योग केंद्र जरूर गाठा.